मंजुळाबाईची मूठ

आमच्या युसूफ वडगावात दिवसा कुणी कडी वाजवून येत नाही. "हाय का घरात?" असं रस्त्यावरूनच ओरडायचं आणि उत्तर यायच्या आत माजघरात पोचायचं, ही इथली रीत. त्यामुळं दिवाळी तोंडावर आलेली असताना एका सकाळी परसदाराची कडी वाजली, तेव्हा भाकरी थापता थापता माझा हात थांबला. कडी वाजवणारा एकतर परका असतो, नाहीतर अपराधी.

घरात सगळं रोजच्यासारखं चाललं होतं. विश्वेश्वर, म्हणजे आमच्या घरचे, देवघरात लिंगपूजेला बसले होते. तव्यावरची भाकरी फुगत होती. ओसरीत मंजुळाबाई सूप घेऊन बसली होती. आमचं भुसार मालाचं दुकान आहे, त्यातली घरी खायची आणि ओळखीच्यांना द्यायची ज्वारी ती निवडून देते. पाखडून झालं की सुपातला एकेक खडा उचलायचा, शेजारच्या पितळी वाटीत टाकायचा आणि दर खड्याला नाव घ्यायचं, हा तिचा नेम.

"हा सुंदऱ्या." टण्ण.

"ह्यो बी सुंदऱ्याच." टण्ण.

चहाच्या वेळेपर्यंत वाटी अर्धी भरते. मग ती वाटी उचलून रस्त्याच्या मधोमध, जिथून ट्रॅक्टर जातात तिथं, नेऊन उपडी करायची. मी कधी अडवलं नाही. खरं तर एखाद्या दिवशी ती आली नाही की खडे मी निवडायची, आणि नाव तेच घ्यायची.

मी दार उघडलं. दारात सुंदरराव उभे होते. पांढरा शर्ट, पायात चिखलानं भरलेले बूट, आणि नजर माझ्या खांद्यावरून आत.

"वैनी, अप्पा हायेत का?"

"पूजेला बसलेत."

"बसू द्या, बसू द्या. काम तसं तेंच्यापाशी न्हाईच."

मी मागं वळून पाहिलं. मंजुळाबाईनं सुपातून एक चांगला हरभऱ्याएवढा खडा उचलला. खड्याकडं बघितलं, सुंदररावांकडं बघितलं, आणि नाव न घेता तो वाटीत टाकला.

टण्ण.

हा माणूस पुढच्या दारानं का आला नाही आणि थेट मंजुळाबाईच्या घरी का गेला नाही, हे कळायला तिची मूठ म्हणजे काय ते सांगायला हवं.

तिफणीवर पेरणी करताना एक जण बैल हाकतो आणि दुसरा माणूस तिफणीच्या चाड्यावर मूठ धरून चालतो. चाडं म्हणजे लाकडी वाटी; त्यातून नळ्यांवाटे बी जमिनीत जातं. मुठीतून बी किती सुटतं यावर सगळा हंगाम. बैल झपाट्यानं निघाले की मूठ सैल सोडायची, ढेकळात अडखळले की आवळायची. बी जास्त गेलं की रोपं एकमेकांच्या उरावर बसतात, कमी गेलं की नांगं पडतं, म्हणजे तासात, पेरलेल्या ओळीत, मोकळी जागा राहते. मंजुळाबाईला ही मूठ तिच्या सासूनं दिली. दिंद्रुडकडून लग्न होऊन आली तेव्हा तिला धड भाकरी थापता येत नव्हती म्हणे, पण सासू म्हणाली, "भाकरी कुनीबी थापंल, तू माझ्यासंगं रानात चल." पुढं नवरा शहादेव बैल हाकायचा आणि ही मूठ धरायची. शहादेव गेला, तरी गावातल्या लहानसहान शेतकऱ्यांच्या पेरण्या हिच्याशिवाय होत नसत. ज्वारीत करडईची ओळ, कडेला जवस, मधूनच हरभरा, असं एका रानात घरभराचं खाणं ती पेरून यायची. पेरणी संपली की घरधनीण तिच्या पदरात सुपभर धान्य घालायची आणि म्हणायची, "मंजुळाबाईची मूठ लागली, आता काळजी न्हाई."

हे वाक्य लक्षात ठेवा.

रिकामी जागा या बाईला बघवत नाही. पदराच्या एका टोकाला तिची कायम गाठ असते, त्यात मटकी, हरभरा, अंबाडी, काय असेल ते. चालता चालता नांगं दिसलं की अंगठ्यानं माती उकरायची, गाठीतला दाणा सोडायचा, पायानं दाबायचा आणि पुढं जायचं. रान कुणाचंही असो. माझ्या न्हाणीच्या मागं मी न लावलेला दोडका दरवर्षी येतो तो असाच. एकदा मी हसले तर म्हणाली, "ताई, रिकामी भुई म्हंजी कुनाचं तरी रिकामं ताट."

सुंदररावांचं गावात बी-बियाणांचं दुकान आहे. तीन पावसाळ्यांपूर्वी त्यांनी सोयाबीनचं बी आणलं. पिशवीवर हिरवंगार रान, मधोमध सोनेरी शिक्का. ज्यांच्याकडं ट्रॅक्टर त्यांनी आधीच पेरून टाकलं होतं, आपापल्या घरचं बी वापरून. उरल्या गरिबांनी सुंदररावांच्या पिशव्या घेतल्या, आणि त्या सगळ्यांच्या रानात मूठ मंजुळाबाईची होती. आठवडा गेला, दुसरा गेला. माती उकरून पाहावं तर दाणे कुजून काळे पडलेले.

माणसं पारावर जमली, सुंदररावांना बोलावलं. दुकानावर दगड पडायचीच वेळ होती. सुंदरराव आले ते हसत आले. म्हणाले, "अरे, माझ्या रानात झ्याक उगवलंय की. बी खराब असतं तर माझंबी गेलं असतं. तुमच्या समद्यांच्या रानात पेरलं कुनी, ते बघा. मंजुळाकाकूची मूठ लागली, दुसरं काय!"

थोडे हसले. थोडे हसले नाहीत.

शब्द तेच होते, एक अक्षर इकडचं तिकडं नाही. पण आपल्याकडं मूठ पेरण्यासाठी धरतात तशी मारतातही. करणीची मूठ, मंतरलेल्या उडदाची मूठ. सकाळी जो विनोद होता तो संध्याकाळपर्यंत बातमी झाला. 'मूठ धरणारी' ची 'मूठ मारणारी' व्हायला एक रात्र पुरली. त्यानंतरच्या पेरणीला तिला कुणी बोलावलं नाही. जेवणाच्या पंगतीत तिच्या शेजारची जागा मोकळी राहू लागली. एकीनं तर तिची सावली नको म्हणून तिफणीला लिंबू-मिरची बांधली.

मी तेव्हा म्हटलं होतं, "मावशी, याला कायदा आहे. असं कुणाबद्दल उठवता येत नाही. आपण तक्रार देऊ."

ती म्हणाली, "काय सांगू तितं? काय म्हनला तो? मूठ लागली म्हनला. समदं गाव तीस वर्सं तेच तर म्हनत व्हतं."

लबाडीला स्वतःचे शब्द लागत नाहीत, ती आपलेच उसने घेते.

हे सगळं तिनं गिळलं असतं. पण त्याच वर्षी तिचा मुलगा सत्यम याला मुलगा झाला, आणि सून वर्षाराणी बाळ पाळण्यात घालायच्या दिवशी म्हणाली, "आत्याबाई, तुमी आज भाईर बसा." बाहेर म्हणजे अंगणात, चपलांपाशी. सून काही वाईट नाही. घाबरलेली, पहिलटकरीण, माहेरच्यांनी कान भरलेले. पण घाबरून मारलेली लाथही लाथच असते. ते पोर आता दुडुदुडु पळतं. आजीनं त्याला अजून मांडीवर घेतलेलं नाही. दसरा झाला की दोघं नवरा-बायको ऊसतोडीला जातात, लेकराला घेऊन. गुढीपाडव्याच्या मागंपुढं परत येतात. ट्रक आला की ही माझ्या ओसरीतून रस्त्याकडं बघते आणि सूप जास्त जोरात चालतं.

गेल्या वर्षी शेतकरी मेळाव्यात सुंदरराव स्टेजवर बोलले होते. फेटा बांधलेला, माईक हातात. "बंधूंनो, थोड्याच वर्षांत जगात हजार कोटी तोंडं होणार! जमीन वाढनार हाय का? न्हाई. तोंडं वाढत्यात. मग एवढ्या तोंडांना घालनार काय? म्हून नवं बियानं, नवं तंत्र!" बायकांच्या बाजूला मी आणि मंजुळाबाई बसलो होतो. टाळ्या थांबल्यावर ती माझ्या कानाला लागली, पण आवाज काही दबला नाही.

"हजार कोटी मोजली मुडद्यानं, त्यात माझं हाय का इचारा."

पुढच्या ओळीतल्या दोघीतिघींनी वळून बघितलं आणि पटकन माना फिरवल्या.

तर, असे सुंदरराव आता आमच्या परसदारी, चिखलाच्या बुटांनी उभे होते.

"काकू," ते म्हणाले. तीन वर्षं 'ती बाई' होती, आज काकू झाली. "काकू, रान वापशाला आलंय, पेरायजोगं झालंय. पर यंदाच्या पान्यानं असं झालंय बगा, की ट्रॅक्टर घातला की बसतोय. तिफनीबिगर इलाज न्हाई. भगवानरावाचे बैल हायेत. मूठ धरनारं मानूस न्हाई कुनी. समदे तोडीला गेले."

सूप चालूच. सप, सप, सप.

"तुमी आलात तर..."

"म्या?" मंजुळाबाईनं वर न बघता विचारलं. "माझी मूठ लागती ना?"

"ते आपलं, गंमतीचं बोलनं..."

"गंमत व्हती व्हय. म्या हसायची ऱ्हायलेच की."

सुंदररावांनी माझ्याकडं पाहिलं. मी भाकरी उलटली. ते उंबऱ्यावर टेकले आणि आवाज उतरवून म्हणाले, "आन एक हाय. बी तुमच्या घरचंच द्या. तुमी राखंत ठेवता ते. एकाला दोन देतो, जवारी काढल्यावर."

इथं मला राहवलं नाही. "सुंदरराव, परवाच तुमच्या दुकानापुढं टेम्पो उतरला की. रब्बीच्या ज्वारीच्या पिशव्यांची थप्पी छताला लागलीय. घरचं बी असताना मावशींचं कशाला?"

"ते?" सुंदरराव म्हणाले. "ते इकायचं हाय."

सूप थांबलं.

स्वतःच्या तोंडून काय निघालं हे सुंदररावांना एका क्षणानं उशिरा कळलं. ते काहीतरी पुसून टाकावं तसा हात हवेत फिरवत राहिले. मंजुळाबाईनं सूप बाजूला ठेवलं, पदर झटकला. तीन वर्षांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं. हेही हसणं नव्हतं. मांजर दुधाकडं बघतं तसं काहीतरी तिच्या चेहऱ्यावर आलं.

"येते," ती म्हणाली. "मूठ बी धरते, बी बी देते. पर रस्त्याच्या कडेची चार तासं तुमच्या दुकानातल्या पिशवीची. पिशवी तुमी फाडायची, तुमच्या हातानं. पुढं माझं बी. तीच तिफन, तेच बैल, तीच मूठ."

"कशाला उगं घोळ? एकच बी घालू की समदीकडं."

"कावून? तुमच्या बियावर तुमचाच इस्वास न्हाई?"

तेवढ्यात विश्वेश्वर कपाळावर विभूतीचे तीन पट्टे घेऊन बाहेर आले. "काय सुंदरराव, आज परसदारानं? आणि कसला विश्वास?"

आता आमचे हे गावातले व्यापारी. यांच्यासमोर 'माझ्या बियाण्यावर माझा विश्वास नाही' असं बियाणवाल्यानं कसं म्हणावं? सुंदरराव दोनदा खोकले.

"न्हाई न्हाई, इस्वास हाय की. पेरा, काकू. चार काय, सहा तासं पेरा."

"चारच," मंजुळाबाई म्हणाली.

ते गेल्यावर हे मला म्हणाले, "कशाला वाढवता गं? झालं ते झालं."

"तुम्ही पूजा करा," मी म्हटलं.

पण माझंही समाधान झालं नव्हतं. मी ओसरीत जाऊन बसले. "मावशी, चुकलात तुम्ही. त्याच्या सगळ्या रानात त्याचंच बी घालायचं. पडू द्यायचं होतं ओसाड."

तिनं माझ्याकडं, मी फारच लहान असल्यासारखं बघितलं. "समदं रान वसाड पडलं, तर परत माझीच मूठ लागली म्हनतील. येगळं न्हाई, शेजारी शेजारी पायजे, ताई. डोळा हिकडून तिकडं गेला पायजे." मग सूप पुन्हा हातात घेत म्हणाली, "आन जवारीनं काय केलंय माझं? समदं रान उपाशी ठिवून मला काय मिळनार? मला तेवढा सुंदऱ्या पायजे."

पेरणीला मी मुद्दाम गेले, भाकरी घेऊन जायचं निमित्त करून. रान अगदी केजच्या रस्त्याला लागून. भगवानराव बैल घेऊन उभा होता. म्हातारा माणूस, त्या साली त्याच्याही रानात सोयाबीनचे दाणे कुजले होते. त्यानं मंजुळाबाईला बघून बैलाच्या कपाळाला हळूच हात लावला, दृष्ट काढल्यासारखा. तिनं ते पाहिलं.

"भगवानराव, बैलाला काय हुत न्हाई. भ्या वाटत असंल तर तुमीच येसन सोडून घरी जा, बैल अन् म्या पेरतो."

"न्हाई बा, चल चल," म्हातारा ओशाळला.

रस्त्यानं जाणारी माणसं थांबू लागली. सुंदररावांनी पिशवी फाडली. आतलं बी गुलाबी रंगाचं, औषध लावलेलं, दिसायला देखणं. मंजुळाबाईनं ते ओट्यात, म्हणजे पदराच्या खोळीत, घेतलं, तिफणीच्या मागं उभी राहिली आणि पहिला दाणा सोडायच्या आधी मूठ वर धरून, रस्त्याकडं तोंड करून मोठ्यानं म्हणाली, "बगून घ्या रं समद्यांनी! हीच मूठ."

चार तासं झाली. तिनं कळशीतल्या पाण्यानं हात धुतला, पदराला पुसला, ओटा झटकला आणि आपल्या घरचं, राखेत ठेवलेलं, मळकट दिसणारं बी घेतलं. मग पाचेक दिवस ती त्या रानात होती. मी नंतर गेले नाही, पण दुकानात येणारा प्रत्येक माणूस तिथूनच आलेला असायचा.

उगवायला आठवडा लागतो. तो आठवडा ती माझ्याकडं रोज येत होती आणि खड्यांना नाव घेत होती, पण हळू आवाजात, जप केल्यासारखं. तिला भीती होती. मलाही होती. गुलाबी बी उगवलं तर? तसं कधीमधी उगवतंही. थोडं चांगलं बी वरून घालायची युक्ती असतेच. बी उगवलं असतं तर सुंदररावांच्या लबाडीवर सोनेरी शिक्का बसला असता आणि ही बाई जन्मभर करणीवाली राहिली असती.

मग एका सकाळी आमच्या गल्लीतली वैष्णवी, कॉलेजला केजला जाते ती, बसमधून उतरून परत घरी पळत आली. कॉलेज तसंच. "काकू! काकू, बसमधली सगळी माणसं एका बाजूला उठून बघायला लागली. कंडक्टर ओरडला, गाडी कलंडंल म्हणून!"

मी चप्पल न घालताच निघाले. मंजुळाबाई माझ्या मागं आली नाही. सुपापाशी बसून राहिली.

रस्त्याच्या कडेला चार तासं, टकलावर उरलेल्या केसांसारखी. इथं एक कोंब, वावभर अंतरावर दुसरा, मध्ये नुसती काळी भुई. आणि त्याला चिकटून, अगदी एका वितीच्या पलीकडून, हिरव्या ओळी सुरू झालेल्या, फणीनं भांग पाडावा तशा, थेट बांधापर्यंत. डोळा इकडून तिकडं गेला की झालं. सांगायला कुणी लागत नव्हतं.

गिरणीत, नळावर, पारावर, सगळीकडं एकच वाक्य ऐकू येत होतं. "मूठ तर एकच व्हती की!"

ज्यांनी नुकत्याच पिशव्या नेल्या होत्या ते त्या घेऊन दुकानापुढं उभे राहिले. सुंदरराव म्हणाले, "त्या दिवशीची पिशवी मागल्या सालची व्हती, चुकून फाडली." गर्दीतून भगवानराव पुढं आला. तीन वर्षांचं त्याच्याही घशात अडकलं होतं.

"मागल्या सालची व्हती, तर इकायला कावून ठिवली बे?"

त्या दिवशी दुकान दुपारीच बंद झालं.

दुसऱ्या सकाळी मंजुळाबाई ज्वारी निवडत होती. खडा उचलला, वाटीत टाकला. टण्ण. दुसरा उचलला. टण्ण. नाव नाही.

"आज नाव नाही, मावशी?"

"आता गाव घेतंय," ती म्हणाली. "माझा घसा कशाला दुखवू?"

वाटलं होतं, आता ती निवळेल. मला, खरं तर, निवळायला नकोच होती. पण माणसाला आपलं वाटत राहतं. तसं काही झालं नाही. बायका तिच्या दारी येऊ लागल्या, कुणी नारळ घेऊन, कुणी साखर. तिनं एकीलाही आत घेतलं नाही. उंबऱ्याबाहेर उभं ठेवायची, जिथं तिला सुनेनं बसवलं होतं तसंच, चपलांपाशी. जिनं तिफणीला लिंबू बांधलं होतं ती आली तेव्हा म्हणाली, "लिंबू आनलंस का गं? साखर दुसरीनं आनलीय. सरबत करू." आणि दार लावून घेतलं. ते आम्ही ओसरीत बसून आठवून आठवून हसलो. डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तिच्या डोळ्यांतलं थांबायला मात्र जरा वेळ लागला.

वैष्णवीनं मोबाइलवर त्या रानाचा फोटो काढला होता. मी म्हटलं, "सत्यमला पाठवू. वर्षाराणी बघेल."

"फोटूचं काय सांगता, ताई. सुंदऱ्याच्या पिशवीवरचा फोटू बी लई झ्याक हाय."

मग आली येळवस, म्हणजे वेळ अमावस्या. आमच्या भागात त्या दिवशी गाव रिकामं आणि रानं भरलेली असतात. ज्वारीच्या उभ्या पिकात कडब्याची कोप, म्हणजे खोपटं, करायची, पांडवांच्या नावाचे दगड मांडून पुजायचे, जेवायला अनेक भाज्यांची भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यातलं गार आंबील. आणि कुणाच्याही रानात कुणीही जेवायला बसावं. ओळख विचारायची नाही, नाही म्हणायचं नाही. मला नेहमी वाटतं, त्या मेळाव्यात सांगितलेल्या हजार कोटींना वाढायची हिंमत कुठं असेल तर ती या एका दिवसात आहे.

यंदा सुंदररावांनी अख्ख्या गावाला बोलावलं होतं. बोलवावंच लागलं, अब्रू सावरायची तर पंगतीशिवाय दुसरी जागा कुठली? मंजुळाबाईच्या दारी ते स्वतः गेले, पुढच्या दारानं, दिवसाढवळ्या. ती आली. माझ्या शेजारी बसली. ज्वारी कमरेच्या वर गेली होती आणि वाऱ्यानं सळसळत होती. आणि रस्त्याच्या कडेला, येणाऱ्याजाणाऱ्याच्या नाकासमोर, ती चार तासं तशीच टक्कल.

सुंदररावांनी तिच्या ताटात स्वतः वाढलं. भज्जी वाढली, उंडा ठेवला, आंबिलाचा पेला भरला. मग तिच्यापुढं उकिडवे बसले. उंडा चावता चावता पंगत थांबली.

"काकू," ते म्हणाले, "चुकलो म्या. झालं गेलं. आता ही चार तासं तेवढी भरून टाका. हरभरा टाका, करडई टाका, तुमाला वाटंल ते. तुमच्या हातानं नांगं भरलं की गाव बी इसरंल."

माणूस हुशारच. ते रान त्यांचं होतं; रातोरात नांगर फिरवला असता तरी कोण अडवणार होतं? पण मग लोक म्हणाले असते, लपवलं. तिच्या हातानं भरलं की मिटलं. आणि त्यांना तिची खोड माहीत होती. या बाईला रिकामी भुई बघवत नाही.

मी तिच्या पदराकडं बघत होते. गाठ होती. तिनं ती सोडली. तळहातावर हरभरे आले, पाचपंचवीस. तिनं त्या उघड्या भुईकडं पाहिलं आणि तिचा पायाचा अंगठा, बसल्या जागी, माती उकरायला लागला. तीस वर्षांची सवय, ती कुठं जाणार? शेजारून मला तिच्या श्वासाचा आवाज येत होता. क्षणभर मला वाटलं, उठली आता. आणि मनात म्हटलं, उठू नका, मावशी. एवढ्यात नको.

रस्त्यावरून एक ट्रक गेला. उसाचा. तिनं मान वळवून तो दिसेनासा होईपर्यंत पाहिला.

मग मूठ मिटली. हरभरे परत गाठीत गेले, गाठ दातानं आवळली. ताट तिनं दोन्ही हातांनी जरा पुढं सरकवलं. अजून एक घास खाल्ला नव्हता.

"पायजे ते मागा, काकू," सुंदरराव म्हणाले. "पोतंभर जवारी घरी पोचवतो. पारावर माफी मागतो."

"पोतं नको," ती म्हणाली. "माफी बी नको. ती तुमच्या पिशवीतल्या बियावानी, उगवायची न्हाई."

कुणीतरी हसलं आणि पटकन ताटावर वाकलं.

"एकच करा. ही चार तासं अशीच ऱ्हाऊ द्या. जवारी काढाल तवा ह्या कडेची माझी धसकटं बी उपटू नका, म्हंजी इकडचं तिकडचं दिसंल. पाडव्याच्या मागंफुडं तोडीच्या गाड्या ह्याच रस्त्यानं येत्यात. माझी सून लेकरू घिऊन त्यात असंल. तिनं हे बघस्तवर हितं नांगर घालू नका."